पॅनमनची जाण नकाशात: कॉन्सेप्ट मॅप हंगामभर वापरल्यावर

आमच्या साखर कारखान्यातले जुने पॅनमन, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरायच्या बंद भांड्यावरचे (पॅनवरचे) कारागीर, अण्णा निवृत्तीला आले आणि त्यांच्याकडचं नव्या पोरांना कसं द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला. नोंदवह्या होत्या, पण उघडतो कोण? म्हणून अख्खा गाळप हंगाम आम्ही कॉन्सेप्ट मॅप, म्हणजे चौकटी आणि बाणांचे नकाशे, वापरले. सॉफ्टवेअर सीमॅपटूल्स, फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संस्थेचं, फुकट.

माइंड मॅप वेगळा. त्यात मधल्या विषयाला फांद्या फुटतात, बस्स. इथे दोन चौकटींमधल्या बाणावरही शब्द लिहावे लागतात. चौकट, बाण, चौकट असं सलग वाचलं की वाक्य पुरं व्हायला हवं. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ साली ही पद्धत काढली, ती मुलांच्या मुलाखतींमधून त्यांना विज्ञान कितपत उमगलंय हे ताडण्यासाठी. आमचंही काम मुलाखतीचंच होतं.

खरी कसोटी त्या बाणावर लागते. 'व्हॅक्युम' (पॅनमधली निर्वात पोकळी) आणि 'दाणा' यांच्यामध्ये एका पोरानं 'परिणाम करतो' असं लिहिलं. अण्णा म्हणाले, "ते कुणालाबी ठावं हाय. काय करतो ते लिव की!" मग एकेक कडी सुटी झाली. व्हॅक्युम एकदम वाढला की उकळबिंदू उतरतो, पॅनमधला माल थंड होतो, संपृक्तता (पाकाला धरवेल त्या मानानं विरघळलेली साखर) हद्दीबाहेर जाते आणि असलेल्या दाण्यावर साखर चढण्याऐवजी नवा बारीक दाणा पडतो. हाच फॉल्स ग्रेन. पुढे तो सेंट्रिफ्युगलच्या, म्हणजे गरगर फिरवून साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, जाळीतून मळीत जातो, नाहीतर जाळीच बुजवतो. लॅबवाल्यांना संपृक्तता पाठ होती, अण्णांना व्हॉल्व्ह. दोघांचं एका कागदावर पहिल्यांदाच आलं. थंडीतल्या रात्रपाळीला हा त्रास का वाढतो, तेही तिथेच उलगडलं: पॅनची वाफ थंड करून व्हॅक्युम धरणाऱ्या कंडेन्सरला जाणारं पाणी गार, म्हणून व्हॅक्युम चढा. हा बाण एकाही वहीत नव्हता.

नकाशाला एकच नेमका प्रश्न द्या. 'पॅन कसं चालतं?' म्हटलं की जळमट होतं; 'फॉल्स ग्रेन का पडतो?' म्हटलं की जमतं. वीस-पंचवीस चौकटींपुढे मी जात नाही.

आता उणं. माल किती आटला ते बघायला अंगठा आणि बोट यांच्यात तो धरून तार किती ओढली जाते, हे नकाशा सांगू शकत नाही. चौकटीला व्हिडिओ जोडता येतो, तो आम्ही जोडला. तरी पोराला अण्णांशेजारी उभं करावंच लागलं. दुसरं म्हणजे, तयार नकाशा लॅमिनेट करून भिंतीवर लावला, त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शिकले ते काढायला बसलेले. म्हणून नवीन माणसाला आता बाणांवरचे शब्द पुसलेला नकाशा देतो आणि पाळीच्या पॅनमनला विचारून भरून आण म्हणतो. चुकीचा शब्द आला की अर्धा तास वाद होतो, आणि तो मला हवाच असतो.

पंप सुरू करण्याच्या क्रमासाठी मात्र हे काढत बसू नका, तिथे खडूनं लिहिलेली यादी पुरते.