धरणकाठचा बारा टेबलांचा पब: ऑगस्ट ते एप्रिल

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, सावरगाव-गंगाव्हरे पट्ट्यात, वायनरींच्या मोठ्या पाट्या मागे पडल्या की पाण्याकडे उतरणारा एक कच्चा रस्ता लागतो. त्याच्या टोकाला हा पब आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. शिवाय इथलं निम्मं तरी त्या काठावरच्या कुठल्याही जागेला लागू पडेल. नऊ महिने, बहुतेक गुरुवारी आणि अधूनमधून रविवारी, अशा फेऱ्यांवरून हे लिहिलं आहे.

टेबल सांगण्याआधी धरणाची टक्केवारी बघायची. नाशिककर ती तशीही बघतोच, पाणीकपातीच्या धास्तीने. ५,६३० दशलक्ष घनफुटांचं हे धरण नव्वदीच्या पुढे असलं, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, तर पाणी डेकच्या खांबांना लागलेलं असतं आणि खालच्या चार टेबलांसारखी जागा शहरात नाही. काठाचा उतार फार सौम्य आहे. पातळी मीटरभर उतरली की पाणी वीस-पंचवीस पावलं मागे सरकतं. शहरात पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतात, इथे ते पायऱ्यांवर आहे: सात पायऱ्या, प्रत्येकीवर पिवळ्या रंगात आकडा. फोन करून ‘कितवी पायरी दिसतेय?’ एवढंच विचारायचं. चौथीपर्यंत दिसत असेल तर खालचं डेक सांगा. साती कोरड्या असतील तर वरचं, कारण खाली मग चिखलाचा वास आणि गाळपेऱ्याच्या, म्हणजे पाणी हटल्यावर उघड्या गाळात पेरलेल्या, पिकाकडून येणारी चिलटं, एवढंच उरतं. कोरड्या पायऱ्या बघून पाण्यापर्यंत चालत जाण्याची हुक्की अनेकांना येते. ते टाळा. वरून वाळलेला गाळ आत मऊ असतो, पाय घोट्याच्या वर रुततो, आणि पोटात दोन मग असतील तर तो काढताना तोल जातो.

डेक पश्चिमेकडे तोंड करून आहे. जून ते सप्टेंबर वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे पत्र्याखाली बसूनही पुढची रांग भिजते. पावसाळ्यात भिंतीकडची तिसरी रांग धरावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, म्हणजे साडेचारला पोहोचायला हवं. सातला पोहोचून ‘व्ह्यू काही खास नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. थंडीत आठनंतर शेकोटी पेटते, पण एकच. तिच्याजवळची दोन टेबलं आधी सांगून ठेवावी लागतात आणि धुराची दिशा कोणी सांगू शकत नाही. ऑक्टोबरात दिवेलागणीला किडे येतात. पिवळा दिवा असलेलं टेबल घ्या, पांढऱ्या दिव्याखाली मगात बिअर कमी आणि पाखरं जास्त.

आता बिअर, कारण खरं सांगण्यासारखं इथेच आहे. बिअरचे दोन नळ आहेत. केग, म्हणजे बिअरचं पिंप, मागच्या कोल्ड रूममध्ये आणि काउंटर डेकच्या तोंडाशी, मधे सुमारे बारा मीटर नळी. पाव इंची नळीत एवढ्या लांबीला पावणेचारशे मिलिलीटरच्या आसपास बिअर उभी राहते. कोल्ड रूममध्ये ती तीन-चार अंशांवर असते, नळीत मात्र बाहेरच्या हवेइतकी तापते. बिअर तापली की तिच्यातला वायू सुटतो, म्हणून दुपारचा पहिला मग म्हणजे अर्धा फेस आणि उरलेली कोमट बिअर. ही बिअर काउंटरवरची पोरं कधीकधी टाकून देतात, कधीकधी देत नाहीत. उपाय सोपा: आधी बसा, चखणा मागवा, बाजूच्या टेबलावर दोन मग गेले की आपली ऑर्डर द्या. गर्दीच्या वेळी नळी सतत वाहती असते, त्यामुळे रविवारची बिअर गुरुवारपेक्षा गार लागते, हा इथला विरोधाभास.

दोन बोटं फेस हवाच, तो बिअरचं झाकण आहे. त्याहून जास्त आला तर कारण तीनपैकी एक: नळी गरम, वायूचा दाब बिघडलेला, किंवा केग संपत आलेला. उलट फेस बसताक्षणी विरला आणि काचेला आतून बुडबुडे चिकटले, तर दोष बिअरचा नाही, मगाचा आहे. तो तेलकट घासणीने धुतलेला आहे. डिसेंबरपर्यंत हे इथे सर्रास होत होतं, कारण चिकन चिलीच्या प्लेटा आणि मग एकाच टबात जात. आता वेगळा टब आहे. तरी पहिला घोट घेतल्यावर काचेवर फेसाचं वर्तुळ राहतं का ते बघा. राहिलं तर काच स्वच्छ.

लोण्याचा किंवा आंबूस वास आला तर नळी धुतलेली नाही. तिच्यात जंतूंचा थर साचला की हे होतं. दर दोन आठवड्यांनी क्षारयुक्त द्रावण फिरवून, मग भरपूर पाण्याने नळी धुवायची असते. इथे ते काम सोमवारी होतं, म्हणजे व्हायला हवं. मार्चमध्ये सलग दोन गुरुवार तो वास होता. सांगितल्यावर मग बदलून दिला, कुरकुर न करता, हे त्यांच्या बाजूने. पण बदललेला मगही त्याच नळीतला! अशा वेळी बाटलीवर यायचं. बाटली तपकिरी काचेची मागा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला डेकवरचं ऊन लागलं की काही मिनिटांत बिअरला उग्र वास धरतो.

मगावर मापाची रेघ नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. फलकावर ५०० मिलि लिहिलंय, फेस त्यात धरलाय की नाही ते भरणाऱ्याच्या मर्जीवर. पिचर दीड लिटरचा, म्हणजे हिशेबाने तीन मग, आणि दर थोडा कमी. पण दोघांत पिचर घेऊ नका. शेवटचा तिसरा भाग कोमट होऊनच पोटात जातो. चौघं असाल तर घ्या.

पावसाळ्यात वीज जाते. जनरेटरवर दिवे, पंखे आणि स्वयंपाकघर आहे, कोल्ड रूम नाही. अर्धा तास वीज नसेल तर नळाकडे बघूही नका.

वाइनची यादी छोटी, सगळी नाशिक जिल्ह्यातली. द्राक्षाच्या गावात पेल्याने वाइन मागवायला हरकत नसावी, पण इथे एक प्रश्न विचारावा लागतो: बाटली कधी उघडली? पेला १५० मिलिचा, म्हणजे ७५० मिलिच्या बाटलीत पाच. गुरुवारी पाच पेले जातातच असं नाही. उघडलेली शिराझ, म्हणजे लाल वाइन, काउंटरवर एप्रिलच्या उकाड्यात तीन दिवस उभी राहिली की तिला सिरक्याची चव येते. शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन त्या मानाने सुरक्षित, कारण ती फ्रिजमध्ये असते. तिघं असाल तर सरळ बाटलीच घ्या आणि बादली मागताना ‘बर्फ आणि पाणी, निम्मं-निम्मं’ असं सांगा. नुसत्या बर्फात बाटलीला मोकळ्या हवेच्या पोकळ्या राहतात आणि ती गार व्हायला वेळ लागतो. बर्फपाण्यात वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी वाइन दहा अंशांच्या आसपास येते. लाल वाइनही उन्हाळ्यात दहा मिनिटं बुडवा, वेटरने भुवया उंचावल्या तरी. ‘रूम टेंपरेचर’ हे सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांसाठी आहे, नाशिकच्या एप्रिलसाठी नाही.

खाण्यात चिलापी (तिलापिया मासा) फ्राय. बारीक रव्यात घोळवलेली, आख्खी, काट्यांसकट. चिलापीला चिखलाचा वास असतो, तो मीठ-हळद-लिंबात अर्धा तास ठेवून धुतली की जातो. इथे बहुतेकदा जातो. पाणी तळाला गेलं की, मार्चपासून पुढे, वास वाढतो. तेव्हा चणा कोळीवाडा घ्या. मसाला शेंगदाणे आणि चिवडा बरे, पापड तळलेला नको, भाजलेला सांगा. संध्याकाळी काळ्या मसाल्याची मिसळ देतात, हा मालकाचा हट्ट. मिसळ उत्तम आहे, पण कडवट बिअरबरोबर तिचा तिखटपणा आणखी चढतो. तिच्याबरोबर किंचित गोडसर शेनिन जमते. नाशकात मिसळ सकाळी खायची असते हा मुद्दा तिथे काढू नका, वाद अर्धा तास चालतो. शेगड्या दोनच आहेत, त्यामुळे आठ ते साडेनऊ या वेळेत तळणीच्या पदार्थाला चाळीस मिनिटं धरा. पुढची प्लेट पहिली संपायच्या आधी सांगायची.

पबचा विक्षिप्तपणा मला आवडतो, पण तो सगळ्यांना झेपेल असं नाही. काउंटर म्हणजे जुन्या होडीचा अर्धा भाग आहे, त्यामुळे मग ठेवताना उताराचं भान ठेवावं. बसायला द्राक्षांच्या क्रेट, उशी मागून घ्या. भिंतीवर जुन्या दिवाळी अंकांचं कपाट आहे. पावसाळ्यात पानं दमट होऊन चिकटतात, जोर लावून सोडवू नका. कॅरम आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये बोर्ड दमटपणाने फुगतो आणि स्ट्रायकर मधेच अडतो. बोरिक पावडर कितीही टाका, उपयोग नाही. हिवाळ्यात मात्र तोच बोर्ड झकास चालतो. दहाला डेकवरचा स्पीकर बंद होतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला नियमाने बंदीच आहे, आणि खरं तर दहानंतरच ही जागा बसण्यासारखी होते.

बिल नीट वाचा. खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, दारूवर जीएसटी नसतो, तिला व्हॅटचा हिशेब वेगळा. एकदा एकूण रकमेवरच जीएसटी लावलेला आढळला, दाखवल्यावर दुरुस्त केला. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढायला सांगा, काढतात. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावतात, त्यावर मात्र भांडू नका. हॉटेलात बसून प्यायल्या जाणाऱ्या बाटलीला ती मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे. कोवळा चेहरा दिसला की ओळखपत्र मागतात, आणि ते बरोबरच आहे: बिअर-वाइनला २१ वर्षं, हार्ड लिकरला २५. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाआधीचे दिवस कोरडे. त्या दिवशी जागा उघडी असते, मिसळीसाठी.

नेटवर्क खालच्या डेकवर जवळपास नाहीच. यूपीआय अडकतं, पैसे खात्यातून जातात आणि काउंटरवर दिसत नाहीत. निदान एका माणसाच्या बिलाएवढी रोकड खिशात हवी.

परतीचा विचार जातानाच करा. रक्तात १०० मिलिमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्या गुन्ह्याला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन मगांनंतर आपण त्या मर्यादेत आहोत असं धरून चालू नका. रस्त्यावर दिवे तुरळक, गतिरोधकांचे पट्टे पुसलेले, आणि द्राक्षाच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर उशिरापर्यंत चालू असतात. ॲपची टॅक्सी जाताना मिळते, रात्री दहानंतर तिकडे यायला कोणी तयार होत नाही, कारण चालकाला येताना रिकामं यावं लागतं. गंगापूर रोडवरच्या ओळखीच्या रिक्षा किंवा गाडीवाल्याशी जाऊन-येऊन भाडं ठरवा, आणि ठरवताना ‘वेटिंग धरून’ हे दोन शब्द आधी उच्चारा. ते राहिले, तर साडेदहाला काठावर उभं राहून नवीन भाव ऐकावा लागतो, आणि तिथे घासाघीस करायला दुसरी गाडी नसते.