जपानी लिलावातला जुना ॲम्प्लिफायर : मध्यस्थ सेवा कितपत कामाच्या?

जपानमधला जुना हाय-एंड ऑडिओ माल निगुतीने वापरलेला असतो, ही ख्याती बऱ्यापैकी खरी आहे. पण याहू ऑक्शन्ससारख्या तिथल्या लिलावात परदेशातून थेट बोली लावणं सहसा जमत नाही, मध्यस्थ सेवा लागते. ती बोली लावते, माल आपल्या गोदामात उतरवून घेते आणि पुढे पाठवते. एवढं काम या सेवा चोख करतात. गोंधळ होतो तो त्यापुढच्या अपेक्षांमुळे.

गोदामातली ‘तपासणी’ म्हणजे आलेली वस्तू फोटोतलीच आहे ना, इतकंच बघणं. ॲम्प्लिफायर लावून कोणी ऐकत नाही. त्यामुळे खरी पारख वर्णन वाचतानाच करावी लागते. ‘जंक’ लिहिलं असेल तर परतीचा विषयच नाही, मग वस्तू ठणठणीत का निघेना. ‘वीज येते एवढंच पाहिलं’ म्हणजे दिवा लागला, बस. दोन्ही चॅनेल, सगळे इनपुट, फोनो (टर्नटेबलचा इनपुट) आणि नॉबची खरखर यांचा वेगवेगळा उल्लेख असेल तरच विक्रेत्याने वस्तू वाजवून पाहिली असं धरा. ‘कमी आवाजात एक बाजू जाते, वाढवला की परत येते’ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. बहुधा स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्क काळे पडलेले असतात आणि रिले बदलणं स्वस्तातलं काम आहे.

झाकण काढलेला फोटो असेल तर मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी बघा. तिथला पिवळट गोंद कालांतराने गडद तपकिरी होतो, वीजवाहक बनतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. आउटपुट ट्रान्झिस्टरही निरखून बघा. एकाचा छाप किंवा नंबर जोडीदारांपेक्षा वेगळा असेल तर आत कधीतरी धूर झालाय. हिताचीच्या २एसके१३४ आणि २एसजे४९ सारख्या मॉसफेटचं (आउटपुट ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) उत्पादन केव्हाच बंद झालंय, आणि बाजारात नकली भरपूर.

आता व्होल्टेज. जपानी घरगुती माल १०० व्होल्टचा. २३० वर थेट लावला तर पहिल्याच क्षणी संपला, हे सगळ्यांना माहीत असतं. फसतात ते अमेरिकेसारख्या १२० व्होल्टच्या देशांतले, कारण तिथे तो चालतो. पण आतल्या रेलही (सर्किटला मिळणारे डीसी व्होल्टेज) साधारण २० टक्क्यांनी चढतात : ५० व्होल्टची रेल ६० ला जाते आणि तिथे ६३ व्होल्टचा जुना कपॅसिटर असेल तर तो अगदी काठावर येतो. क्लास ए (सतत करंट ओढत तापणारा प्रकार) असेल तर उष्णतेचं बघायलाच नको. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्याच, आणि मागच्या पट्टीवरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा : ३०० वॅट लिहिलं असेल तर ४५० ते ६०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता याच एककात लिहितात). ऑटोट्रान्सफॉर्मर लहान आणि स्वस्त पडतो, पण मेन्सपासून विलग करत नाही. काही मॉडेलना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. फोटोत तो दिसला तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

विजेच्या वारंवारितेची, म्हणजे हर्ट्झची, काळजी ॲम्प्लिफायरपुरती सोडा. जपानचा पूर्व भाग ५० वर, पश्चिम ६० वर चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर दोन्हींना धरूनच केलेला असतो. सिंक्रोनस मोटरचा (जिचा वेग हर्ट्झवर ठरतो) टर्नटेबल मात्र वेगळं प्रकरण : ६० ची पुली ५० वर लावली की मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. जुने जपानी ट्यूनर तर घेऊच नका, त्यांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपल्याकडच्या पट्ट्याशी तो जुळत नाही.

वाहतुकीचा हिशेब बोली लावण्याआधी करा. कुरियर कंपन्या सहसा लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० असं आकारमानी वजन काढतात आणि खऱ्या वजनाशी तुलना करून जास्त असेल ते लावतात. ६०×५५×४० सेंटिमीटरचा खोका म्हणजे २६.४ किलो, आत २२ किलोचा ॲम्प्लिफायर असला तरी. जपानी टपालाच्या ईएमएसची मर्यादा ३० किलो आहे.

विक्रेत्याचं पॅकिंग देशांतर्गत प्रवासापुरतं असतं. जड ॲम्प्लिफायर कोपऱ्यावर आपटला की ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टपाशी चासी वाकते किंवा बोर्डाला तडा जातो. गोदामाला जादा पैसे देऊन दुहेरी खोका सांगा, मध्ये चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर कडक फोम आणि नॉबवर कसलाही दाब नको. टर्नटेबलची थाळी, काउंटरवेट आणि हेडशेल वेगळी बांधायला लावा, टोनआर्म बांधून टाकायला सांगा. हे लेखी सांगितलं नाही तर होत नाही.

तंट्यात मध्यस्थ सेवा लंगडी पडते. पैसे तुम्ही सेवेला दिलेले असतात, विक्रेत्याला नाही, त्यामुळे ‘वर्णनाप्रमाणे नाही’ ही तक्रार सहसा टिकत नाही. महागड्या वस्तूसाठी म्हणूनच ईबेवरचा मुरलेला जपानी व्यापारी परवडतो. किंमत चढी, पण वाजवून पाहिलेला माल आणि पोचल्यापासून ३० दिवसांचं संरक्षण. दोन्हीकडे खोका उघडताना फोटो काढा आणि विम्याचा दावा निकाली निघेपर्यंत आतल्या फोमसकट खोका जपून ठेवा. अपुऱ्या पॅकिंगचं कारण देऊन दावे फेटाळले जातात, आणि खोकाच फेकला असेल तर दाखवायला काही उरत नाही.