जामोव्हीमधलं 'स्प्लिट बाय': काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

टी-टेस्ट, अनोव्हा, कोरिलेशन हे सगळं कुठल्याही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. जामोव्ही या सॉफ्टवेअरवर माझा जीव जडला तो 'एक्सप्लोरेशन'खालच्या 'डिस्क्रिप्टिव्ह्ज'मधल्या एका छोट्या चौकटीमुळे. तिचं नाव 'स्प्लिट बाय'. वरच्या चौकटीत मोजमापाचा कॉलम टाकायचा, खालच्या चौकटीत गटाचा. उजवीकडे त्याच क्षणी प्रत्येक गटाची सरासरी, मध्यक, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) वेगवेगळं दिसू लागतं. 'ओके' दाबायचं नाही, नवीन खिडकी उघडायची नाही. गट काढून टाकला की तक्ता पूर्ववत.

हे वरवर किरकोळ वाटेल, पण माझी कामाची पद्धतच यामुळे बदलली. गट पाडून बघायला मेहनत लागत असेल तर माणूस एकदाच बघतो, तेही शेवटी. इथे काहीच कष्ट नसल्यामुळे मी एका बैठकीत चार-पाच प्रकारे गट पाडून बघते, आणि डेटा काय सांगतोय ते खरं तर तिथेच कळतं.

उदाहरण घ्यायचं तर शिकवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांचा डेटा घेऊ. 344 पक्षी, तीन जाती, तीन बेटं. वजन 342 पक्ष्यांचं नोंदलेलं आहे. सरासरी साधारण 4202 ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन 802. आता बेटानुसार गट पाडा. बिस्को बेटाची सरासरी 4716 येते, ड्रीमची 3713 आणि टॉर्गरसनची 3706. कुणीही म्हणेल, बिस्कोवर खायला भरपूर मिळत असणार! मग त्याच चौकटीत जातीचा कॉलम घाला. अडेली ही एकच जात तिन्ही बेटांवर आहे आणि तिची सरासरी बिस्कोवर 3710, ड्रीमवर 3688, टॉर्गरसनवर 3706, म्हणजे जवळपास सारखीच. बिस्कोचा आकडा फुगला होता तो जेंटूंमुळे. त्या मुळातच मोठ्या अंगाच्या जातीचे सगळे 124 पक्षी त्या एकाच बेटावरचे आहेत. तक्त्यात बेट-जातीच्या काही जोड्यांपुढे एन (म्हणजे नोंदींची संख्या) शून्य दिसतो, कारण उदाहरणार्थ टॉर्गरसनवर जेंटूही नाहीत आणि तिसऱ्या जातीचे, चिनस्ट्रॅपही नाहीत. ही शून्यं मला फार मोलाची वाटतात. कुठली तुलना करताच येणार नाही, ते ती आधीच सांगून ठेवतात.

आलेखांकडे वळू. बॉक्सप्लॉट (मध्यक आणि मधले निम्मे आकडे डब्यात दाखवणारा आलेख) सगळ्यांच्या सवयीचा आहे, पण गटाच्या आत काय चाललंय ते तो झाकून ठेवू शकतो. जेंटूंच्या वजनाचा बॉक्सप्लॉट काढला तर एक नीटस, शहाणा डबा दिसतो. त्याच खिडकीत 'व्हायोलिन' (आकडे जिथे जास्त तिथे रुंद होणारी आकृती) आणि 'डेटा' (प्रत्येक नोंदीचा ठिपका) या दोन खुणा केल्या की तोच गट मध्ये किंचित आवळलेला दिसतो, वर एक फुगवटा आणि खाली एक. लिंगाचा कॉलम घातला की उलगडा होतो: माद्यांची सरासरी 4680, नरांची 5485. पूर्ण जेंटू गटाचं स्टँडर्ड डेव्हिएशन 504 होतं, ते माद्यांमध्ये 282 आणि नरांमध्ये 313 वर उतरतं. म्हणजे ज्याला आपण गटातला विखुरलेपणा म्हणत होतो त्यातला मोठा भाग नर-मादीतल्या फरकाचा होता. नुसते सरासरीचे खांब काढून लेख लिहिणाऱ्यांनी हा एक आलेख जरूर काढून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

हिस्टोग्राम आणि डेन्सिटी हे आलेख गट पाडल्यावर एकाखाली एक येतात, आडवा अक्ष सगळ्यांना एकच. त्यामुळे कुठला गट किती सरकलाय ते नजरेनेच कळतं. आकडे घंटेच्या आकारात, म्हणजे 'नॉर्मल' पसरलेत का ते तपासणारी शापिरो-विल्क चाचणी आणि क्यू-क्यू आलेखही गटनिहाय निघतात आणि ते तसेच बघावेत. तीन जाती एकत्र ठेवून नॉर्मलपणा तपासण्यात काही अर्थ नाही.

रिकाम्या नोंदींबाबत मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. या डेटात 11 पक्ष्यांचं लिंग नोंदलेलं नाही. लिंगानुसार गट पाडला की ते कुठल्याच गटात मोडत नाहीत, आणि वजनाच्या 342 नोंदींपैकी 333 उरतात. म्हणून गटांच्या एनची बेरीज मूळ एनशी ताडून बघण्याची सवय मी लावून घेतली आहे. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या 'एक्सप्लोर'मध्ये याच विषयाची वेगळी बाजू दिसते. तिथे 'लिस्टवाइज' ही मूळ निवड असते, म्हणजे एकावेळी अनेक मोजमापं घेतली तर त्यातलं एकही रिकामं असलेली ओळ सगळ्यांतूनच गळते. तिथली गट पाडण्याची 'स्प्लिट फाइल' ही सोय बंद करेपर्यंत पुढच्या प्रत्येक विश्लेषणाला लागू राहते. जामोव्हीतला स्प्लिट त्या एका विश्लेषणापुरताच असतो. एकाच जातीवर टी-टेस्ट करायची तर फिल्टर लावावा लागतो आणि काम थोडं वाढतं, पण मला हेच बरं वाटतं, कारण जुना स्प्लिट नकळत मागे राहत नाही.

नवीन वापरणाऱ्यांनी कॉलमचा प्रकार आधी बघावा. गट 1, 2, 3 अशा आकड्यांत लिहिले असतील आणि कॉलम 'कंटिन्युअस' (सलग मोजमापाचा) असेल तर 'स्प्लिट बाय' तो स्वीकारत नाही. डेटाच्या 'सेटअप'मध्ये जाऊन 'नॉमिनल' (नुसते गट) किंवा 'ऑर्डिनल' (क्रम असलेले गट) करायचं, आकड्यांना नावं द्यायची, क्रम लावायचा. कमी-मध्यम-जास्त असे गट आलेखात त्याच क्रमाने आले तरच चढउतार कळतो.

दोन मोजमापांमधलं नातं बघायचं तर स्कॅटरप्लॉट (ठिपक्यांचा आलेख) वेगळा काढावा लागतो, पण त्यातही गटाची चौकट आहे. चोचीची लांबी आणि जाडी घ्या: सगळे पक्षी एकत्र धरले तर रेषा खाली उतरते, जात टाकली की तिन्ही रेषा वर चढतात.

तीन-चार कॉलमांनी गट पाडले की तक्ता लांबच लांब होतो आणि वाचवत नाही. तेव्हा मी 'सिंटॅक्स मोड' सुरू करते. जामोव्ही 'आर' या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग भाषेवर उभं असल्यामुळे प्रत्येक तक्त्यामागचा आर कोड तिथे दिसतो. आरमध्ये जामोव्हीचं 'जेएमव्ही' पॅकेज असलं आणि फाइल 'डेटा' या नावाने वाचून घेतली की तो तसाच चालतो. सहकाऱ्यांना निकाल पाठवताना तक्त्यासोबत हा कोडही जोडते, म्हणजे गट कसे पाडले ते त्यांना विचारावं लागत नाही.