विंडोजमधली दुरुस्तीची साधनं: सात महिन्यांच्या वापरानंतर

मी ठाण्यात नौपाड्याला घरून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं, काम करते. दिवाळी अंक, पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका. मशीन म्हणाल तर आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा डेस्कटॉप, विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि जुनी कामं ठेवायला १ टीबीची हार्ड डिस्क. ऑगस्ट २०२५ पर्यंत मशीनला काहीही झालं की मी सीपीयू रिक्षात घालून दुकानात नेत असे आणि तिथे बहुतेक वेळा एकच उपाय निघे, फॉरमॅट. फॉरमॅटचे पैसे फार नसतात. पण त्यानंतर शेकडो मराठी फॉन्ट, पानं लावायचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, प्रिंटरचे ड्रायव्हर, कीबोर्डची मांडणी हे सगळं परत बसवण्यात माझे दोन दिवस जातात. अंकाच्या दिवसांत दोन दिवस कुठून आणायचे?

ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस नुसता कोसळत होता आणि वीज सारखी जात-येत होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा फाइल सेव्ह होत होती. दिवाळी अंकाची शंभरावर पानं लावून झालेली आणि शेवटचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा. सकाळी मशीन लावलं तर ‘प्रिपेरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग निळा पडदा, पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा तेच. दुकानात फोन केला. उत्तर आलं, “घेऊन या, फॉरमॅट मारू, पण डेटाची गॅरंटी नाही.”

माझा भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्याला फोन लावला तेव्हा माझा आवाज कापत होता.

“मावशी, मशीन कुठंही नेऊ नकोस. निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ दिसतंय का?”

“दिसतंय.”

“मग ट्रबलशूट, पुन्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे कमांड प्रॉम्प्ट. दुरुस्तीचं नंतर बघू. आधी तुझी पानं बाहेर काढू.”

त्यानंतर त्याने जे करायला सांगितलं ते प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या, काळ्या खिडकीत फक्त ‘नोटपॅड’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं. विंडोज सुरू होत नसतानाही नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, मग ओपन. जी छोटी खिडकी येते ती म्हणजे जवळपास आपला फाइल एक्सप्लोररच. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असतं तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतात आणि छातीत धस्स होतं. मग आपलं फोल्डर शोधून उजवी क्लिक, कॉपी, आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट. मला कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टी दिसली नाही. खिडकी गोठल्यासारखी झाली होती. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता म्हणून मी हात न लावता बसून राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी अंकाचं पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर आलं. त्या क्षणी मी उठून आधी चहा केला.

दुरुस्ती त्यानंतर. ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवलं, त्याने दुरुस्ती जमत नाही असं सांगितलं. मग त्याच काळ्या खिडकीत ‘चेकडिस्क’, म्हणजे सीएचकेडीएसके, पुढे ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटी ‘/एफ’. या ठिकाणी एक खाच आहे. या दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. आपला नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसतो आणि माणूस भलत्याच ड्राइव्हवर कमांड चालवतो. म्हणून आधी ‘डीआयआर’ लिहून ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ ही फोल्डर कुठल्या अक्षराखाली दिसतात ते बघायचं. माझा डी निघाला. चेकडिस्कने अर्धवट राहिलेल्या नोंदी जुळवल्या, मी रिस्टार्ट केलं आणि मशीन सुरू झालं. वीज गेली तेव्हा डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब मध्येच तुटला होता, एवढंच झालं होतं. त्यासाठी फॉरमॅट झाला असता.

त्याच आठवड्यात मी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली आणि संगणकाला वेगळा यूपीएस घेतला.

मशीन सुरू झालं तरी स्टार्ट मेनू अधूनमधून उघडत नव्हता, सेटिंग्ज उघडून मिटत होतं. इथे डिझम आणि एसएफसी या दोन कमांडची जोडगोळी कामाला आली. एसएफसीबद्दल बरेच लोक सांगतात, पण क्रम कुणी सांगत नाही. ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही कमांड विंडोजच्या मूळ फाइली तपासते आणि बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत ठेवते. ती चांगली प्रत येते विंडोजच्या स्वतःच्या साठ्यातून, विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमधून. आता कोठीतलेच तांदूळ किडलेले असतील तर पानातला भात कितीही वेळा बदलला तरी काय उपयोग? म्हणून आधी कोठी साफ करायची. ते काम ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ या कमांडचं. साठ्यातल्या खराब वस्तू ती विंडोज अपडेटवरून नव्याने आणते, म्हणजे इंटरनेट हवं. डिझम पूर्ण झालं की मग एसएफसी. या दोन्ही कमांड, कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून, चालवायच्या. आणि माझ्यासारखं मराठी टाइप करणाऱ्यांनी आधी विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा.

डिझमचा आकडा मध्येच अडकतो. माझा ६२.३ टक्क्यांवर अर्धा तास हलला नाही. ते अडकणं म्हणजे बिघाड नाही, आत काम चालू असतं. ते मध्ये बंद करू नये. माझं साधारण पाऊण तासात झालं, मग एसएफसीने सांगितलं की खराब फाइली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. एसएफसीची उत्तरं मुख्यतः तीन प्रकारची असतात: काही बिघाड नाही, बिघाड होता आणि दुरुस्त केला, किंवा बिघाड आहे पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत. तिसरं आलं तर डिझम पुन्हा, मग एसएफसी पुन्हा. स्टार्ट मेनू त्या दिवसापासून नीट आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अंक वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात गेला आणि मी विंडोज ११ वर आले, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता. प्रोसेसर चालत होता, फक्त बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, बंद होतं ते चालू करावं लागलं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या साधनाबद्दल. ते काहीच दुरुस्त करत नाही. नाव रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं लिहिलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. उघडलं की दिवसांचा तक्ता आणि त्यावर १ ते १० मधली एक रेघ. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसाखाली लाल फुली, ज्या दिवशी काही बसवलं त्या दिवसाखाली निळी खूण. नोव्हेंबरमध्ये पान वरखाली करताना मशीन दोन-तीन सेकंद गोठायला लागलं. मी डिझम चालवलं, एसएफसी चालवलं, दोघांनीही सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग हा तक्ता उघडला. लाल फुल्या एका ठरावीक मंगळवारपासून सुरू झालेल्या आणि त्याच मंगळवारी ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर बसल्याची निळी खूण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरवर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ केलं. पाच मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून मी आधी तक्ता बघते. ताप कधीपासून आहे आणि त्या दिवशी काय खाल्लं होतं, हे डॉक्टर आधी विचारतात ना, तसंच. एवढं चांगलं साधन लोकांना ठाऊक नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

डीटीपीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टची (ज्यांत मराठी अक्षरं त्या-त्या फॉन्टपुरतीच नीट दिसतात) कामं अजूनही येतात, आणि एके दिवशी उघडलेल्या फाइलीत अक्षरांच्या जागी चौकोन आले. फॉन्ट जागेवर होते. बिघडला होता फॉन्टचा कॅशे, म्हणजे फॉन्ट पटकन दिसावेत म्हणून विंडोजने करून ठेवलेला साठा. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या कामांच्या यादीत, ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवायची, लोकलसर्व्हिसच्या ॲपडेटामधल्या ‘फॉन्टकॅशे’ फोल्डरमधल्या फाइली काढायच्या आणि मशीन रिस्टार्ट करायचं. विंडोज तो कॅशे नव्याने बनवतं. याआधी असं झालं तेव्हा मी सगळे फॉन्ट काढून परत टाकले होते, पूर्ण संध्याकाळ गेली होती.

प्रिंटरचंही तसंच. पौष संपला की पत्रिकांची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच एखादी प्रिंट रांगेत अडकून बसते, डिलीट केली तरी जात नाही. प्रिंटची रांग सांभाळणारी ‘प्रिंट स्पूलर’ सर्व्हिस थांबवा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’ मधलं सगळं काढा, सर्व्हिस चालू करा. दोन मिनिटं.

डिसेंबरमधली चूक मात्र मला महागात पडली. जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला. मला तोवर चेकडिस्कवर फार विश्वास बसलेला. मी ‘/आर’ लावून ते रात्रभर चालवलं. ‘/एफ’ फक्त फाइलींचा हिशेब जुळवतं, ‘/आर’ डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून खराब सेक्टर शोधतं. मरायला टेकलेल्या डिस्कला तासन् तास असं दामटवणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते संपलं तेव्हा ‘फाउंड.०००’ नावाचं फोल्डर तयार झालं होतं आणि त्यात सीएचके नावाचे तुकडे. सहा-सात वर्षांपूर्वीच्या तीन स्मरणिका त्या तुकड्यांत गेल्या, उघडल्याच नाहीत. त्यात एक माझ्या स्वतःच्या शाळेची होती.

“मावशी, आवाज करणाऱ्या डिस्कवर आधी फक्त कॉपी करायची,” भाचा म्हणाला. “दुरुस्ती नाही. कॉपी.” बाकीचं कॉपी करून मी ती डिस्क काढून टाकली. डिस्क यांत्रिकपणे बिघडली असेल तर विंडोजमधलं कुठलंही साधन तिला बरं करत नाही. रॅमचंही (मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचंही) तेच. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ दोष आहे की नाही तेवढं सांगतं, पट्टी आपल्यालाच काढून बघावी किंवा बदलावी लागते.

सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत परत नेणारी सोय, मी या काळात एकदाच वापरलं, एका फॉन्ट मॅनेजरने घोळ घातला तेव्हा. आपल्या फाइलींना ते हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर बसवलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर जातात. ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबलं की कोणकोणती जाणार ते आधीच दिसतं. बऱ्याच मशीनवर ही सोय बंद असते, ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ मध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि संकट आल्यावर चालू करून उपयोग नसतो. मी ऑगस्टमध्येच केली होती. विंडोज ११ वर आल्यावर पुन्हा तपासून घेतली.

फेब्रुवारीत अपडेट बसेना. दर वेळी अर्ध्यावरून मागे. डिझम झालं, एसएफसी झालं, अपडेट उतरवून ठेवायच्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचं नाव बदलून पाहिलं, फरक नाही. शेवटी सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे गेले. तिथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ आहे आणि समोर ‘रीइन्स्टॉल नाऊ’. हे सध्याचं विंडोज परत उतरवून घेतं आणि जुन्याच्या जागी बसवतं, पण सॉफ्टवेअर, फाइली, सेटिंग तशाच ठेवतं. त्याच पानावरचं ‘रिसेट धिस पीसी’ वेगळं. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी बसवलेली सॉफ्टवेअर जातात, म्हणजे माझ्यासाठी तो फॉरमॅटच. रीइन्स्टॉलला जवळजवळ दोन तास लागले. मी देवाजवळ दिवा लावून बसले होते, खोटं कशाला सांगू. मशीन उघडलं, फॉन्टची यादी बघितली. एकूण एक फॉन्ट जागेवर. लायसन्स जागेवर. अपडेटही त्याच संध्याकाळी बसलं. दुकानातल्या फॉरमॅटच्या बदल्यात विंडोजमध्येच काही असेल तर ते हे. दुकानात निघण्यापूर्वी हे एकदा करून बघा, अर्थात बॅकअप घेऊन.

या सात महिन्यांत मशीन एकदाही दुकानात गेलं नाही. रोजच्या छोट्या कुरबुरींसाठी मात्र यातलं काही लागतच नाही, नुसतं ‘रिस्टार्ट’ पुरतं. शटडाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, कालच्या कुरबुरीसकट. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

गेल्या आठवड्यात मुलीला लॅपटॉप घेतला. त्यात डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय, आधीच चालू होतं. अशा मशीनवर नोटपॅडची युक्ती करायला गेलं तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, ती नसेल तर आपलीच फाइल आपल्याला मिळत नाही. ही ‘की’ मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळते. मी ती लॅपटॉपच्या बिलामागे हाताने लिहिली, मुलीकडून आकडे दोनदा मोठ्याने वाचून घेतले आणि बिल कपाटात रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवलं.