बाबांची टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) लांब करून घेतली, पुण्यातल्या डायबेटिक फूट क्लिनिकचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक स्टार प्लास्टर रूम आणि बिलिंगवाल्यांनी घालवला, आणि तक्रार आहे म्हणूनच नाव टाकत नाहीये.

बाबांची शुगर जुनी, तळपाय बधिर, चपलेत खडा गेला तरी पत्ता नसतो. उजव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी जखम व्हायची, ड्रेसिंग करून करून भरायची, आणि चालायला लागले की परत तिथेच. साताऱ्यात सगळे एकच सांगायचे, शुगर कंट्रोल करा. अहो पण शुगर नीट असताना पण जखम त्याच जागी का येते ते कोणी बोलायला तयार नाही.

इथल्या डॉक्टरांनी जखमेच्या आधी घोटा तपासला. बाबांना झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकललं, मग गुडघा वाकवून परत तेच. दोन्ही वेळेला पाऊल काटकोनाच्या पुढे जाईना. गुडघा वाकवल्यावर पाऊल वर आलं असतं तर फक्त पोटरीचा वरचा स्नायू आखडलेला, मग पोटरीतच थोडं सैल करतात, पण बाबांची टाचेमागची अकिलीसची शीरच आखूड झालेली. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की ती शिरेतल्या कोलॅजनला चिकटते आणि शीर कडक होत जाते, मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर. बधिर पायाला ते जाणवत नाही, घट्टा येतो आणि घट्ट्याखाली आत जखम. इतकी साधी गोष्ट पहिल्यांदाच कोणीतरी समजावून सांगितली, आईला पण कळली.

बाबांनी थेट विचारलं, "साहेब, परत होणार नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "काका, गॅरंटी नाही देत." मग २००३ चा सेंट लुईसचा अमेरिकन अभ्यास सांगितला. चवड्याला जखम असलेले ६४ पेशंट, काहींना नुसतं प्लास्टर (जखमेवरचा भार कमी करायला पायाला घालतात ते), काहींना प्लास्टर आणि शीर लांब करणं. नुसत्या प्लास्टरवाल्यांत ७ महिन्यांत ५९ टक्क्यांची जखम परत आली, ऑपरेशनवाल्यांत १५ टक्के. दोन वर्षांनी तेच ८१ आणि ३८. म्हणजे ३८ टक्के लोकांना परत झालंच की, पण आमच्यासारख्या सारखं ड्रेसिंग करत बसलेल्यांना हा फरक फार मोठा आहे.

ऑपरेशन म्हणाल तर टाचेच्या वर मागच्या बाजूला तीन बारीक छेद, प्रत्येक ठिकाणी शीर अर्धीच कापायची आणि पाऊल हळू वर दाबायचं म्हणजे ती सरकून लांब होते. आधी डॉपलर करून पायाचा रक्तपुरवठा बघितला, तो कमी असता तर हात लावणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. धोका पण आधीच सांगितला, शीर जास्त लांब झाली तर भार टाचेवर येतो आणि टाचेची जखम भरायला चवड्यापेक्षा अवघड. ह्या प्रामाणिकपणाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

शेजारच्या बेडवरच्या काकूंचं बोट वाकडं होऊन टोकाला जखम व्हायची, त्यांची बोटाखालची शीर ओपीडीतच जाड सुईने सोडवली आणि त्या चालत घरी गेल्या. वाकणाऱ्या बोटाच्या टोकाच्या जखमेसाठी हे आता आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये पण आहे, तेव्हा ज्यांचं नुसतं बोटाचं दुखणं आहे त्यांनी उगाच घाबरू नका.

आता तक्रार. ऑपरेशननंतर बाबांना पण प्लास्टर होतं, त्यातलं पहिलं कोणा नवीन मुलाने घातलं, कड नडगीला घासत होती, आणि बधिर पाय ओरडणार कसा? आईला प्लास्टरच्या कडेला डाग दिसला म्हणून आम्ही पळत गेलो, तिथे साल निघालेलं. बदलून दिलं, पण सॉरी वगैरे काही नाही. डायबेटिक फूट म्हणून बोर्ड लावता तर प्लास्टरला अनुभवी माणूस नको? आणि पॅकेजमध्ये प्लास्टर बदलणं आणि एमसीआर चप्पल (बधिर पायासाठीची मऊ रबराची) धरलेलीच नाही हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं. ती चप्पल बघून बाबा अडून बसले, कुष्ठरोग्यांना देतात तीच ना ही, लोक काय म्हणतील. तीच आहे, मऊ रबराची, आणि त्यासाठीच चांगली आहे. आता घरात पण घालतात.

सध्या चवडा कोरडा आहे, टाच रोज आरशात बघतो. जिना चढताना पायात पूर्वीसारखा जोर नाही, ते होणार हे सांगितलं होतं. जाणार असाल तर प्लास्टर आणि चपलेचा खर्च आधीच लिहून घ्या, सोमवार टाळा, व्हीलचेअर एकच आहे आणि ती बहुतेक वेळा एक्स-रेपाशी अडकलेली असते.