अपील की कलम 264?

कर आकारणीचा आदेश पटला नाही, तर 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात दोन वाटा: आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील किंवा कलम 264 चा पुनरीक्षण (आदेशाच्या फेरतपासणीचा) अर्ज. शुल्कात फरक किरकोळ. अपिलाला फार तर 1,000 रुपये, अर्जाला 500. मुदत मात्र अपिलाला 30 दिवस आणि अर्जाला एक वर्ष. खरी मेख पुढे आहे. अपिलात नोटीस देऊन कर वाढवताही येतो. 264 मध्ये करदात्याचं नुकसान करता येत नाही. पण तिथे अपिलाचा हक्क सोडावा लागतो, आणि नकार आला तर प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. तेव्हा करमुक्त असलेला लाभांश चुकून करपात्र दाखवलेल्या करदात्याचा 264 चा अर्ज फेटाळणं मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये चूक ठरवलं. विवरणपत्रातली स्वतःची चूक असेल तर 264 च घ्या. अधिकाऱ्याशी पुराव्यावरून वाद असेल तर अपील.