जर्मनच्या शिक्षकांसाठी डीएलएल: करा, पण सहाच्या सहा एकदम नको

दर जूनमध्ये नव्या बॅचेस सुरू झाल्या की कोणी ना कोणी विचारतंच, ‘बी टू झालं, शिकवायलाही लागले. आता सी वनची तयारी करू की डीएलएल?’ (ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन या जर्मनच्या चढत्या पातळ्या; डीएलएल हे शिक्षकांचं प्रशिक्षण.) फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

मी पुण्यात तासिका तत्त्वावर जर्मन शिकवते. सकाळी कॉलेज, संध्याकाळी खासगी क्लास, शनिवार-रविवार नोकरदारांची बॅच. ‘ऑन ड्यूटी’ रजा वगैरे आमच्यासारख्यांच्या नशिबात नाही. ट्रेनिंगला गेलं की त्या दिवसाचे पैसे गेले. म्हणून कुठलंही प्रशिक्षण मी दोनच गोष्टींवर जोखते: यातलं सोमवारी वर्गात काही वापरता येईल का, आणि तासिका किती बुडतील. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

डीएलएल म्हणजे ‘डॉइच लेरेन लेर्नेन’. ग्योथे इन्स्टिट्यूटचा, आपल्या भाषेत मॅक्सम्युलर भवनचा, जर्मन शिकवणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम. त्याचा गाभा सहा घटकांचा आहे: शिक्षकाची कौशल्यं आणि वर्गाची आखणी, परकी भाषा कशी शिकली जाते, परकी भाषा म्हणून जर्मन, कृती-सराव-संवाद, साहित्य आणि माध्यमं, आणि अभ्यासक्रम व पाठनियोजन. परीक्षा आणि मूल्यमापन, लहान मुलांना शिकवणं, किशोरवयीनांना शिकवणं, डिजिटल माध्यमं असे आणखीही घटक आहेत, पण ते नंतरचे. घटक सुटा करता येतो, हा सगळ्यात मोठा फायदा. काम मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्गाच्या संकेतस्थळावर, आपल्या वेळेत. बरोबर दहा-पंधरा शिक्षकांचा गट आणि एक ट्यूटर. एका घटकाला साधारण दोन-अडीच महिने धरा. मी रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचे. तासिका बुडाल्या नाहीत, झोप बुडाली.

एक गोष्ट आधीच सांगते. पुस्तकं जर्मनमध्ये आहेत आणि ती जर्मन सोपी नाही. बी टूवर नुकतं पास झालेल्याला पहिला घटक वाचताना घाम फुटतो. सी वन झालेलं असेल तर वाचनाचा वेळ निम्म्यावर येतो. तेव्हा ‘सी वन की डीएलएल’ विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी सी वन. डीएलएल काही पळून जात नाही.

आता मुद्द्याचं. या अभ्यासक्रमाची खरी किंमत एकाच गोष्टीत आहे, तिचं नाव पेप. लांबलचक नाव प्राक्सिसएरकुन्डुंग्सप्रोयेक्ट. प्रत्येक घटकाच्या शेवटी तुम्ही आपल्याच वर्गाबद्दल एक छोटा प्रश्न घ्यायचा, वर्गात काहीतरी थोडंसं बदलायचं, काय झालं ते टिपायचं आणि गटासमोर मांडायचं. शक्यतो दोघांनी मिळून. प्रबंध नाही, संदर्भसूची नाही. प्रश्न जितका बारीक तितका चांगला. ‘विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास कसा वाढवावा’ असला प्रश्न घेऊन गेलात की ट्यूटर परत पाठवतात, आणि बरोबरच करतात.

चौथ्या घटकाला मी आणि माझ्या एका सहकारी मैत्रिणीने प्रश्न घेतला होता: जोडीजोडीने बोलायला सांगितल्यावर मुलं जर्मन नक्की किती बोलतात? दोघींच्याही ए वनच्या बॅचेस. मुलांची परवानगी घेऊन मोबाईल बाकावर ठेवला. माझ्या वर्गात मागच्या बाकावरच्या जोडीचं रेकॉर्डिंग असं: ‘वास माख्स्ट डू आम वोखेनएण्ड?’ (शनिवार-रविवारी काय करतोस?) ‘इश श्लाफं. उंड डू?’ ‘आउख.’ मग लगेच मोठ्याने, ‘मॅम, आमचं झालं!’ आणि उरलेला सगळा वेळ हिंजवडीची मेट्रो एकदाची कधी सुरू होणार यावर अस्खलित मराठीत परिसंवाद. लांबून बघणाऱ्याला वर्ग काय जिवंत वाटला असता! सगळे बोलतायत, हातवारे करतायत.

त्यांचंही चुकत नव्हतं. ‘मी झोपतो, तू?’, ‘मीही’ एवढ्यात प्रश्न सुटत असेल तर पुढे बोलायचं कशाला? घटकाच्या पुस्तकात हेच सांगितलेलं आहे. सराव वेगळा आणि कृती वेगळी. कृतीत बोलल्याशिवाय काहीतरी अडलं पाहिजे. मग आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांचं आठवड्याचं वेळापत्रक बनवलं आणि जोडीतल्या दोघांना त्याचे दोन वेगळे कागद दिले. एकाच्या कागदावर जे चौकोन भरलेले, ते दुसऱ्याच्या कागदावर रिकामे. चौघांना सिनेमाला जायला एक संध्याकाळ शोधायची. माझ्याकडे बरं चाललं. मैत्रिणीच्या वर्गात पोरांनी सरळ कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे चौकोन उतरवून काढले. जर्मनचा एक शब्द नाही! पुढच्या तासाला तिने त्यांना पाठीला पाठ लावून बसवलं, तेव्हा कुठे आवाज सुरू झाला. तेही आरडाओरडा करून, कारण शेजारच्या जोडीचं जास्त ऐकू यायचं.

आम्ही खूश होऊन आकडे मांडले: बघा, बोलणं किती वाढलं. ट्यूटरने एकच विचारलं: वाढलं ते काय? रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तर ‘वास माख्ट झी आम मोनटाग, वास माख्ट एर आम डीन्सटाग’ (ती सोमवारी काय करते, तो मंगळवारी काय करतो), एकाच साच्यातून काढलेली वाक्यं. तो परत सरावच झाला, फक्त गोंगाटासकट. मग शेवटी एक पायरी जोडली. संध्याकाळ सापडल्यावर प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्यात एक गुप्त अडचण: आजी येणार आहे, पैसे नाहीत, सिनेमा आधीच पाहिलाय. आता नाही म्हणायला लागलं, कारण द्यायला लागलं, दुसरा दिवस सुचवायला लागलं. ‘डा कान इश निश्ट’ (तेव्हा मला जमणार नाही) हे वाक्य मी त्या बॅचला शिकवलं नव्हतं, त्यांनी मागून घेतलं. ही चिठ्ठ्यांची युक्ती मी आज प्रत्येक बॅचला वापरते, बी वनलासुद्धा. एका घटकाचे पैसे माझ्या मते इथेच फिटले.

ट्यूटरचा तो एक प्रश्न मला नुसतं पुस्तक वाचून मिळाला नसता. म्हणून ‘पीडीएफ आहे का?’ विचारणाऱ्यांना सांगते, पुस्तक वाचाच, पण पुस्तक म्हणजे डीएलएल नव्हे.

आणखी एक जमेची बाजू म्हणजे चित्रफिती. वेगवेगळ्या देशांतले खरे वर्ग, खरे शिक्षक, अडखळणारे विद्यार्थी. पहिल्या घटकाच्या दोन लेखकांपैकी मिखाएल शार्ट हे टोकियोच्या केइओ विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे जर्मनीबाहेर, जिथे वर्गाबाहेर पडलं की जर्मन कानावर पडत नाही, तिथे शिकवणं काय असतं याची जाण पुस्तकात आहे. तरी आपल्याकडची गर्दी त्यात मला दिसली नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच फितींत वर्ग आटोपशीर, खुर्च्या हलवता येणाऱ्या. आमच्या कॉलेजात बाकं जमिनीला ठोकलेली आणि हजेरीपटावर साठ नावं. ‘गोलात बसा’ म्हटलं तर कुठे बसणार? त्यामुळे बरंचसं आपल्या मापाला कापून घ्यावं लागतं.

बाकीच्या घटकांचं झटपट. दुसरा, भाषा कशी शिकली जाते त्याचा, मला आवडला, पण त्यातलं वर्गात उतरायला वेळ लागतो. तिसरा भाषाविज्ञानाकडे झुकतो. एम.ए. जर्मन केलेल्यांना उजळणी, इतरांना उपयोगी. पाचव्यातल्या माध्यमांच्या भागाला वय दिसतं. डिजिटलसाठी पुढे वेगळा नववा घटक निघाला, तोच करा. सहावा कोरडा आहे. ज्यांना संस्थेत अभ्यासक्रम बसवायचे असतात त्यांना लागेल, बाकीच्यांनी घाई करू नये.

परिषदांचं काय, हाही प्रश्न नेहमीचा. इथे जरा तिखट लिहिणार आहे. फी घेऊन भरवलेल्या एका ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’ला मी पेपर वाचला आहे. नाव घेत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचाही परिचय. दुपारी सभागृहात पेपरवाले आणि त्यांचे पुढचे पेपरवाले एवढेच उरले. मला पाच मिनिटं मिळाली, त्यातली दोन पेनड्राइव्ह लागेना म्हणून गेली. जेवण उत्तम होतं. प्रमाणपत्र फाइलला लागलं, कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फॉर्ममध्ये ज्यांना गुण मोजायचे असतात त्यांचं काम झालं. ज्यांना नोकरीत ते लागतं त्यांनी जरूर जावं, पण शिकवणं सुधारेल या आशेने जाऊ नये.

प्रकाशकांच्या कार्यशाळा त्यापेक्षा प्रामाणिक. पुस्तक खपवायला आलेत हे ते लपवत नाहीत, चहा-बिस्किटं देतात, आणि दोन तासांत वापरण्याजोगी एखादी युक्ती हमखास मिळते. फुकट असतात. जवळ असेल तर जा.

आणि मग आयडीटी. जगभरच्या जर्मन शिक्षकांचं संमेलन, एरवी दर चार वर्षांनी. त्यामागची जर्मन शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६८ची. २००९ला येना-वायमार, २०१३ला इटलीतलं बोल्झानो, २०१७ला स्वित्झर्लंडचं फ्रिबुर, मग २०२१चं व्हिएन्ना कोरोनामुळे २०२२ला गेलं, आणि २०२५ला ल्युबेक. व्हिएन्नाला गेलेल्या मैत्रिणीने सांगितलेली एक गोष्ट मला पटली. तिथे आपण एक विषयगट निवडतो आणि आठवडाभर त्याच गटात बसतो, त्यामुळे बुधवारपर्यंत माणसं ओळखीची होतात आणि वाद घालायला लागतात. आपल्याकडच्या परिषदांत नेमकं हेच होत नाही. पण विमान, व्हिसा, राहणं, फी आणि शिवाय आठवडाभराच्या तासिका! शिष्यवृत्ती किंवा संस्थेचा आधार असल्याशिवाय तासिकावाल्याने स्वतःच्या खिशातून जावं असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा ग्योथे इन्स्टिट्यूटच्या जर्मनीतल्या शिक्षक-सेमिनारांच्या शिष्यवृत्तीवर लक्ष ठेवा. जपानी शिकवणाऱ्यांना अशाच प्रशिक्षणासाठी जपानमध्ये जपान फाउंडेशनचं उरावाचं केंद्र आहे, १९८९पासूनचं. फ्रेंचवाल्यांना फ्रान्समधल्या नाँतचं बेल्क हे उन्हाळी शिक्षक-प्रशिक्षण. या बाबतीत जपानीवाल्या मैत्रिणींचा मला थोडा हेवा वाटतो, कारण निवड झाली की तिकडे राहण्या-जेवण्याची काळजी नसते.

आत्ताच हे सगळं का लिहितेय? २०२४ला महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या आधीपासूनच नर्सिंगवाल्यांची रांग होती. क्लासेस गल्लोगल्ली निघालेत आणि स्वतः परवा बी वन झालेली पोरं ए वन शिकवतायत. त्यांना हिणवत नाही. मागणीच तेवढी आहे. पण मागणीचा भरवसा किती? २०१४ला केंद्रीय विद्यालयांतून जर्मन तिसरी भाषा म्हणून वर्षाच्या मध्यावर काढून संस्कृत आणलं, तेव्हा खास तयारी करून तिथे लागलेल्या शिक्षकांचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. म्हणून नुसत्या प्रमाणपत्राच्या आशेने सहा घटकांचे पैसे भरू नका. डीएलएल झालं म्हणून माझा तासिकेचा दर कुठल्याही क्लासने आपणहून वाढवला नाही.

तर माझा सल्ला. आधी पहिला घटक, मग चौथा. तिथे थांबा, एक वर्ष शिकवा. शिकवता शिकवता प्रश्न पडायला लागले की त्या प्रश्नाचा घटक घ्या. मुलं परीक्षेत का अडतात असा असेल तर मूल्यमापनाचा, वर्गात फोनच बघतात असा असेल तर डिजिटलचा. मार्च-एप्रिलमध्ये नाव घालू नका, पेपर तपासणी आणि पेप एकत्र जमत नाही. त्या काळात तुमच्याकडे पेपसाठी चालू बॅच आहे का तेही बघा, वर्गाशिवाय पेप होत नाही. फी आणि तारखा बदलत राहतात, त्या भवनातच विचारा. आणि जोडीदार आधी ठरवा. शक्यतो असा, जो तुमचं रेकॉर्डिंग ऐकून ‘छान आहे गं’ म्हणून मोकळा होणार नाही.